स्टिअरिंगवरचा डावा अंगठा

जुन्या गाड्यांच्या त्या शोरूममध्ये एक अजब रिवाज होता. कुठलीही गाडी घेण्याआधी मामा तिच्यात दोन मिनिटं बसायचे. इंजिन बंद, काचा बंद, डावा हात स्टिअरिंगवर. मग उतरायचे आणि मालकीणबाईंकडे बघून मान हलवायचे. हो किंवा नाही. नाही म्हटलं की गाडी परत. मशीनने पैकीच्या पैकी मार्क दिलेले असोत, परत.

बाकी दिवसभर मामा कोपऱ्यातल्या टेबलावर फाइली लावायचे. गाडी चालवताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. यायचे बसने, जायचे बसने. मालकीणबाई, म्हणजे ताई, त्यांना मामा म्हणायच्या, म्हणून सगळेच मामा म्हणायचे. ते खरे मामा की नुसतेच मामा, हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री पावणेदहा वाजले होते. नऊला येणारा ट्रक अजून आला नव्हता. त्यावर एक स्पोर्ट्स कार होती, दोन सीटची, आणि ती उतरवून घेतल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. शटर अर्धं खाली होतं. ताई काचेच्या केबिनमध्ये चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसल्या होत्या. बाहेर दोघं टेस्टर होते, दोघंही यंदाच लागलेले. एक मुलगी, तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. दुसरा एक्स्प्रेस. हे नाव ताईंनीच ठेवलेलं, कारण तो जेवायलासुद्धा धावत जायचा.

"गाडी उतरली की मी एक चक्कर मारून येतो," एक्स्प्रेस म्हणाला. "फक्त एक. रस्ता रिकामा आहे, रात्र आहे, मजा येईल."

"ताई रागावतील," चष्मेवाली म्हणाली.

"ताई कसल्या रागावतात! झोपल्यात त्या."

"मी ऐकतेय हं," केबिनमधून आवाज आला. "झोपले नाहीये, गुडघ्यांना सुट्टी दिलीय. माझे गुडघे आणि या दुकानाचं शटर, दोन्हीत तेल घालायला झालंय." मग त्या अनवाणीच बाहेर आल्या, मामांसमोर चहाचा कप ठेवला आणि त्याला रुमाल गुंडाळला. "मामा, गरम आहे हं." लहान पोराला सांगावं तसं. आणि परत आत गेल्या.

मामांनी कप दोन्ही हातांत धरला. एक्स्प्रेसकडे बघत म्हणाले, "रात्री, एकट्याने, स्पोर्ट्स कार. बस जरा. ट्रक येईपर्यंत एक ऐक. माझ्या ओळखीतल्या माणसाची आहे. खरी आहे. नाही पटली तर सोडून दे, मला काही कमिशन नाही."

दोघांनी स्टुलं ओढली. आणि मामा सांगू लागले.

*

त्या माणसाला लोक वैद्य म्हणायचे. औषधाची एक गोळी त्याने कोणाला दिली नव्हती, तो गाड्यांचा वैद्य. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी वैद्याला घेऊन जायचे. आता गाडी घेताना लोक काय करतात? इंजिन ऐकतात, रंग बघतात, टायरला लाथ मारतात. टायरला लाथ मारून काय कळतं देव जाणे, पण मारतात. वैद्य यातलं काही करायचा नाही. तो फक्त स्टिअरिंग धरायचा.

धरायचा म्हणजे कसं? मुठीत नाही. झोपलेल्या लेकराला ताप आहे का बघायला आपण कपाळावर बोटं टेकवतो ना, तसं. रेडिओ बंद, काचा बंद, बाजूच्याने बोलायचं नाही. एकाच रस्त्यावर तीन फेऱ्या. पहिलीत बघायचं मधला प्ले, म्हणजे सैलपणा. गाडी सरळ चाललीय, स्टिअरिंग इकडे तिकडे किंचित हलवलं, तर किती हलवल्यावर चाकं ऐकतात? दुसरीत वळणं. वळताना हाताला वजन कसं चढत जातं, आणि सोडल्यावर आपणहून सरळ येतं का? तिसरीत रस्ता. चाकाखालचा खडा बोटाला कळतो का? कळला पाहिजे. तो म्हणायचा, "स्टिअरिंग बोलतं. आपण गप्प बसलो तर ऐकू येतं." साध्या गाडीत स्टिअरिंग मुकं असलं तर फार तर माणूस कंटाळतो. स्पोर्ट्स कारमध्ये ते वळणावर गेल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

वीस वर्षं वैद्याचा शब्द म्हणजे शब्द. त्याला बायको नाही, पोर नाही, जमीनजुमला नाही. एवढे दोन हात. पण गावात त्याच्यासाठी लोक खुर्ची पुसून द्यायचे.

मग एक दिवस तो एका गॅरेजात चहाचा कप धरून बोलत उभा होता. समोरचा ओरडला, "अहो, हात!" वैद्याने खाली पाहिलं. तळहात लालभडक. बघता बघता फोड आले. आणि त्याला कळलंच नव्हतं. अजिबात नाही.

डॉक्टर म्हणाले, नसा सुकत चालल्यात. हातांच्या, पायांच्या. जपा. परत येणार नाहीत.

"मग त्याने काम सोडलं?" चष्मेवालीने विचारलं.

सोडायला पाहिजे होतं. सोडलं नाही. काम सोडलं असतं तर का सोडलं हे सांगावं लागलं असतं. त्याने पातळ कातडी हातमोजे घेतले. लोकांना वाटलं, म्हातारपणी शौक चढलाय. कोणी चिडवलं की हासायचा. आणि हाताचं काम तो डोळ्यांनी करायला लागला. टायर आतून झिजलाय का बघायचा, गॅरेजवाल्यांकडे गोड बोलून चौकशी करायचा, विकणाऱ्याचा चेहरा वाचायचा. मग स्टिअरिंगवर मोजे टेकवून, डोळे बारीक करून तीन फेऱ्या मारायचा. नाटक नुसतं. पण दहातले नऊ अंदाज बरोबर यायचे.

दहावा घड्याळजींचा होता.

*

घड्याळजींचं दुकान एका जिन्याखाली. आत एक माणूस बसला की दुसऱ्याने वाकून बोलायचं. दिवसभर डोळ्याला भिंग, हातात चिमटा. हळू बोलणारा माणूस. जिना उतरताना कठडा सोडायचा नाही. आणि अशा माणसाला आयुष्यात एकच हौस होती: दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार. बायको म्हणायची, घरचं भिंतीवरचं घड्याळ सहा महिने बंद आहे ते लावा आधी. तो हासायचा आणि गाडीचं चित्र पुसून परत भिंतीवर लावायचा.

शेवटी मिळाली. बरीच वर्षं वापरलेली, पण लाल, चकचकीत. वैद्याने तीन फेऱ्या मारल्या. म्हणाला, उत्तम. मग घड्याळजी स्वतः बसले, वैद्य बाजूला. घड्याळजींना एक खोड होती. हात रिकामा असला की डाव्या अंगठ्याचं नख कशावर तरी वाजवायचे. टक. टक. टक. सेकंदाला एक. इतकी वर्षं घड्याळं लावून लावून तो ठेका अंगात मुरलेला. स्टिअरिंगवरही तेच. टक. टक.

शंभर पावलं जाऊन परत आले आणि गाडी बाजूला घेतली. म्हणाले, "वैद्यबुवा, रागावू नका हं. मला मधोमध काहीतरी सैल वाटतंय."

"किती?"

"केसभर. नाही, दोन केस."

दोन केस! हेच तर वैद्याला कळायला हवं होतं. बाहेर विकणारा उभा, दोनचार बघे उभे. मोजे काढून परत बघतो म्हणावं, तर बघणार कशाने?

तो मोठ्याने हासला. सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणाला, "तुम्ही घड्याळं बघा, गाडी मी बघतो."

बघे हासले. घड्याळजी ओशाळले. आणि म्हणाले, "माफ करा हं. माझी आपली खोड."

माफी त्यांनी मागितली. लक्षात ठेवा.

अकराव्या दिवशी, पाण्याच्या टाकीपुढच्या वळणावर, गाडी वळलीच नाही. सरळ मोरीच्या कठड्यात गेली. घड्याळजी जागच्या जागी… चौकशीत लिहिलं गेलं, वेग. घड्याळजींचा वेग! वैद्याला कोणी काही विचारलं नाही. उलट लोक म्हणाले, वैद्यबुवांना किती लागलं बघा, चार दिवस जेवले नाहीत.

गाडीत आधी काय बोलणं झालं ते फक्त दोघांना माहीत होतं. एक बोलणारा. आणि दुसरा गेलेला.

*

"मग मामा, तुम्हाला कसं माहीत?" एक्स्प्रेस म्हणाला.

"त्यानेच सांगितलं."

"गेलेल्याने?"

"वैद्याने रे. जरा दम धर." मामांनी कपावरचा रुमाल सरळ केला.

*

दोन वर्षं गेली. वैद्याला एक भाची होती. बहीण लवकर गेली, हाच तिला शाळेत सोडायचा, हाच आणायचा. आता ती चाळिशीच्या पुढे गेलेली, पदरात एक मुलगी. चाळिशीत लोक चालायला जातात, गाणं शिकतात. हिला स्पोर्ट्स कार घ्यायची होती. आणि अट एकच. "मामा हो म्हणाला तरच."

"तोही मामाच?" एक्स्प्रेस हासला.

"जगात मामांना काय तोटा? निम्म्या लोकांना तर रोज कोणीतरी मामा बनवतंच."

तर वैद्य म्हणाला, दुसऱ्या कोणाला तरी दाखव. ती म्हणाली, "घरात वैद्य असताना कंपाउंडरकडे कशाला जाऊ?" मग त्याने सोपा मार्ग धरला. नाही म्हणायचं. पहिली गाडी, नाही. दुसरी, नाही. तिसरी, नाही. चौथ्या वेळी ती आली, एक निळी दोन सीटची बघून. या वेळी हासत नव्हती.

"मामा, तुला मी गाडी घ्यायलाच नको असेल तर तसं सांग. मी आणि गाडी, दोघी सेकंडहँड, रस्त्यात बंद पडू असं वाटतं का तुला? तर तेही सांग. पण ही गाडी चांगली आहे. उद्या सकाळी नऊला दुसरं गिऱ्हाईक येतंय. तू तिला एकदा हात लाव आणि खरं सांग. तू हो म्हणालास तर उद्याच पोरीला बाजूला बसवून घाटात घेऊन जाणार आहे. तिला शब्द दिलाय."

खरं सांग म्हणाली. तेवढंच त्याला जमत नव्हतं.

तो म्हणाला, बघतो. पण रात्री. एकटा. रात्री रस्ता शांत असतो, स्टिअरिंग नीट ऐकू येतं. ती म्हणाली, तू म्हणशील तसं. तिला काय माहीत, त्याला अंधार कशाला हवा होता. दिवसा कोणीतरी बघितलं असतं की हा माणूस स्टिअरिंग धरतोय आणि त्याला ते धरलंय हेसुद्धा कळत नाहीये.

चार वर्षांपूर्वीचा मंगळवार होता. अमावास्या नाही, पौर्णिमा नाही, साधा मंगळवार. रात्री सव्वाअकरा. गाडीवाल्याने किल्ली दिली आणि जांभई देत वरच्या मजल्यावर झोपायला गेला. "उद्या खिडकीतून टाका," म्हणाला.

गावात मोकळा, सरळ, लांब रस्ता एकच होता. पाण्याच्या टाकीचा. दोन वर्षं वैद्य तिकडे फिरकला नव्हता. त्या रात्री गेला. दुसरा इलाज नव्हता.

टाकीच्या बऱ्याच अलीकडे त्याने गाडी थांबवली. मोजे काढले. हात चोळले, बगलेत धरले, त्यांच्यावर फुंकर घातली. म्हणाला, "एकदा. एकदाच. मग कधी काही मागणार नाही." कोणाला म्हणाला, त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. मग बोटं टेकवली.

काही नाही. दोन लाकडं लाकडावर ठेवल्यासारखी.

पहिली फेरी मारली. काही नाही. गाडी वळवून मागे आला. फोन वाजला. भाची. "मामा, काय म्हणते गाडी?"

त्याने तोंड उघडलं. हो म्हटलं तर? नाही म्हटलं तर? दोन्हीही खोटंच. म्हणाला, "अजून बोलली नाही."

"माझ्याशीही घरात कोणी बोलत नाही. जमेल आमचं." हासली, फोन ठेवला.

दुसरी फेरी. ताशी पन्नास. रस्ता सरळ, समोर दिव्यांचा पांढरा पट्टा. त्याची नजर स्टिअरिंगवर होती, कारण डोळ्यांशिवाय आता त्याच्याकडे होतं काय? आणि त्याला दिसलं की स्टिअरिंग हलतंय. अगदी थोडं. डावीकडे. उजवीकडे. सरळ रस्त्यावर चांगला चालक जेवढं हलवतो, तेवढं. त्याला वाटलं, मीच हलवतोय. हात नाही का त्याच्याबरोबर जात?

हो. जात होते. हात त्याच्या मागून जात होते.

त्याने आतला दिवा लावला. स्टिअरिंगचं कातडं काळं, जुनं. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, एक झिजलेली खूण. अर्ध्या चंद्रासारखी. नखाएवढी.

त्याने दाराकडे पाहिलं. दाराच्या आतल्या कडेला निळा रंग उडाला होता. खालून लाल.

…

तेव्हा लागलं. डाव्या अंगठ्यात. ज्या अंगठ्याला तीन वर्षांत विस्तवसुद्धा लागला नव्हता.

टक.

त्याने अंगठ्याकडे पाहिलं.

टक.

आवाज नव्हता. गाडीत काही वाजत नव्हतं. आतून. नखाखालून.

टक.

टक.

त्याने दोन्ही हात उचलले. वर, खांद्याएवढे. स्टिअरिंग जागचं हललं नाही. सरळ राहिलं. मग किंचित डावीकडे. किंचित उजवीकडे. कोणीतरी चालवत होतं. नीट. फार जपून. जिना उतरताना कठडा न सोडणाऱ्या माणसासारखं.

टाकी आली. टाकी मागे गेली.

त्याने ब्रेक दाबला. दाबला असं त्याला वाटलं. पायही हातांसारखेच… पाय कशावर आहे? काटा बघितला. साठ. अजून जोरात दाबला. सत्तर. पाय उचलायला गेला. उचलला की नाही? कळेना. पंचाहत्तर.

पुढे वळण. वळणावर मोरी. मोरीचा कठडा, नव्याने बांधलेला, पांढरा.

त्याने स्टिअरिंग धरलं. गच्च. काही कळेना, किती धरलंय, कुठे धरलंय.

टक. टक. टक.

"मला…" तो म्हणाला.

कठडा मोठा होत चालला.

"मला कळलं नव्हतं."

टक.

"त्या दिवशी… मला काहीच कळत नव्हतं. हात मेले होते माझे. तुम्ही बरोबर होतात. दोन केस. तुम्ही बरोबर होतात, घड्याळजी… मी खोटं बोललो. माझी पोर बसणार आहे हिच्यात. तिची पोर बसणार आहे… मला कळू द्या. एवढंच… कळू द्या…"

…

आणि कळलं.

सगळं. एकदम. कातड्याची शिवण, एकेक टाका. चाकाखालची खडी. डांबराचा जोड. दोन्ही हातांत वीस वर्षांपूर्वीसारखं, त्याहून जास्त. आणि मधोमध, सरळ रेषेवर, एक सैलपणा. पडायला आलेल्या दातासारखा.

केसभर.

दोन केस.

आणखी एक गोष्ट कळली. स्टिअरिंग आणि त्याचे हात यांच्यामध्ये काहीतरी होतं. बारीक. सुकं. थंड. बोटं. त्याच्या प्रत्येक बोटाखाली एक बोट.

पायाला पेडल कळलं. त्याने पाय उचलला, शेजारी ठेवला, दाबला.

गाडी थांबली. पुढचं बंपर आणि कठडा, मध्ये वीतभर जागा.

इंजिन बंद झालं होतं. रस्त्यावर कोणी नाही. तो बाजूच्या सीटकडे बघत नव्हता. समोर बघत होता. त्याच्या हातांखाली ती बोटं तशीच होती.

"घड्याळजी…?"

…

"माफ करा मला."

…

बोटं राहिली. मग एकेक करून निघाली. करंगळीपासून. दहा मोजली त्याने. नाही. नऊ.

*

शोरूममध्ये कोणी हललं नाही. एक्स्प्रेसचा पाय एरवी सारखा हालायचा, तोही थांबला होता.

"मग?" चष्मेवाली हळूच म्हणाली.

*

मग काय. तो उजाडेपर्यंत तिथेच बसला. हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. अजून सगळं लागत होतं ना हाताला! पहाटेचा गारवा लागत होता. दव पडलं तेही. त्याला आतून माहीत होतं, हात उचलले की संपलं. तीन वर्षांनी मिळालं होतं, थोडं तरी पुरवावं.

साडेसहाला भाची शोधत आली. त्याने काच खाली केली आणि बसल्याजागी सगळं सांगितलं. हातांचं, मोज्यांचं, घड्याळजींचं. ते वाक्यही. ती ऐकत होती. रागावेल, निघून जाईल, असं त्याला वाटलं. तिने गाडीचं दार उघडलं. मग म्हणाली, "लहानपणी मला शाळेत सोडायचास तेव्हा बोट धरायचास. उतर. आता मी धरते."

तो उतरला. हात उचलले, आणि पुन्हा लाकूड झाले.

गाडी गॅरेजात वर उचलून बघितली. स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, जिथे सांगाड्याला बसतो, तिथे भेग होती. बारीक. घाटातल्या दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या वळणावर तुटला असता, गॅरेजवाला म्हणाला. गाडीवाला पांढराफटक पडला. म्हणाला, भंगारात देतो, आजच देतो. संध्याकाळी गाडी तिथे नव्हती. कुठल्या भंगारात गेली, कोणालाच माहीत नाही.

घड्याळजींच्या बायकोकडेही तो गेला. दारात उभा राहून सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून वैद्याने गाडी चालवली नाही. संपली गोष्ट.

*

मामांनी चहा संपवला. बाहेर एक कुत्रं भुंकून गप्प झालं.

"बनवलीत," एक्स्प्रेस म्हणाला, पण आवाज बारीक होता. "मी फिरायला जाऊ नये म्हणून बनवलीत."

"बरं, बनवली."

"दोन्ही हात पूर्ण लाकूड झाले?" चष्मेवालीने विचारलं. "परत काहीच लागलं नाही त्याला? आणि नऊ का मोजली?"

मामांचे हात रिकाम्या कपाभोवती होते. चष्मेवालीची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली. मामांचं बाकी शरीर दगडासारखं स्थिर होतं. डावा अंगठा तेवढा हलत होता. नख कपावर पडत होतं.

टक.

टक.

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सेकंदाचा काटा पुढे सरकला. टक. परत सरकला. टक. तिने वीसपर्यंत मोजलं. एकही चुकला नाही.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही गाड्यांमध्ये दोन मिनिटं बसता, ते…"

"ट्रक आला वाटतं," ताई म्हणाल्या. त्या कधीच्या मागे येऊन उभ्या होत्या, अनवाणी. त्यांचा हात मामांच्या खांद्यावर होता.

शटरबाहेर दिवे वळले. ट्रक मागे मागे येऊन उभा राहिला. वर ती गाडी होती, दोन सीटची, पांढरीशुभ्र. ड्रायव्हर खाली उतरला, उशिराबद्दल कुरकुरत कागद पुढे केले. "मशीनने तपासलेली आहे," म्हणाला. "एकदम ओके. आतून सगळी नवी केलीय."

कपावरची टकटक थांबली.

ताईंना ते ऐकू आलं. म्हणजे थांबलेलं ऐकू आलं. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामा जागचे उठले नव्हते. गाडीकडे बघतही नव्हते.

"मामा?" ताई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. "बसून बघणार?"

मामांनी मान हलवली. नाही. मग डावा अंगठा मुठीत घेतला आणि दाबून धरला.

"बॅटरी दे," चष्मेवाली एक्स्प्रेसला म्हणाली. त्याने निमूटपणे दिली. ती ट्रकच्या पायरीवर चढली आणि काचेतून आत प्रकाश टाकला.

सीट नव्या. गालिचे नवे. स्टिअरिंगवर नवं काळं कातडं, त्यावर कारखान्यातून आलेलं प्लास्टिक, अजून फोडलेलंसुद्धा नाही.

तिने प्रकाश डावीकडे नेला. वरच्या अंगाला.

प्लास्टिक अखंड होतं. आणि त्याच्या आत, कोऱ्या कातड्यावर, एक झिजलेली खूण होती. अर्ध्या चंद्रासारखी. नखाएवढी.